साखरेची तूट

एन्सेल ट्रेविनच्या जॅमच्या कारखान्यात
मी एकतीस वर्षं रोजकीर्द लिहिली.
होबार्टचा धक्का, खिडकीबाहेर डर्वेंट नदी,
आणि जानेवारीत जर्दाळू उतरले की
शाईच्या दौतीतसुद्धा माश्या.

तो शिपाई नव्हताच मुळी.
शनिवारी दुपारचा भोंगा झाला
की एप्रन खुंटीला, गणवेश अंगात.
कवायतीच्या हॉलमध्ये चाळीसेक पोरं,
बरीचशी आमचीच, फळं सोलणारी, लेबलं डकवणारी,
निम्म्यांच्या हातात लाकडी बंदुका.
सोमवारी त्यांच्या टाचा दुखायच्या
आणि लेबलं तिरकी लागायची.
मी हसायचे. गाव हसायचं.

मग चौदा साल आलं.
जहाजावर चढताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या, म्हणाला,
"मिस पायबस, साखर उधार आणू नका."
एवढंच.
बायकोला काय म्हणाला ते मला ठाऊक नाही.

पत्रं यायची, पेन्सिलीनं लिहिलेली.
मेजर. कर्नल. पुढे ब्रिगेडियर जनरल.
हुद्दा वाढला तसं अक्षर बारीक होत गेलं.
एका पत्रात रास्पबेरीचा भाव विचारलेला,
आणि खाली:
"इथे बाँब पुरत नाहीत. पोरं रिकाम्या डब्यांत
खिळे भरतात, तारेचे तुकडे, दारू, वर वात.
काल एक डबा हाती आला. आपला होता.
म्हाताऱ्या गिबला सांगा, डाख पक्का आहे."

मी सांगितलं.
गिब काही बोलला नाही. मागच्या अंगणात जाऊन
बराच वेळ हात धूत राहिला.

सतरा साली, एका टेकडीसाठी,
त्यानं पहाटे चारला हुकूम लिहिला.
टेकडीला नाव नव्हतं, नकाशावर नुसता आकडा.
आकडे मला कळतात.
एकशे बारा.
त्यात आमच्या कारखान्याचे नऊ.

परतला तेव्हा बँड होता, महापौर होते,
आणि मेलबर्नचा एक एजंट, नवं लेबल घेऊन:
'जनरल ट्रेविन जॅम', मिशीखाली पदकांची रांग.
मला वाटलं, हाकलून देईल.
त्यानं फक्त विचारलं, "छपाईचा दर काय?"
खप दीडपट झाला. नफा मीच लिहिला.

त्याच आठवड्यात दार लोटून म्हणाला,
दर महिन्याला नऊ पाकिटं. नऊ घरं.
"खतावणीत कुठे टाकू, साहेब?"
नदीकडे बघत राहिला.
"साखरेत टाका. तूट म्हणून."

तपासनीस दर जुलैत चष्मा पुसत विचारायचा,
"एवढी साखर जाते कुठे, मिस पायबस?"
"हवा दमट आहे," मी म्हणायचे, "विरघळते."

आठ पाकिटं जायची ती जायची.
नववं परत यायचं, न फोडता.
मिसेस क्विल्टी. तिचा जेम आमच्याकडे झाकणं बसवायचा,
शिट्टी वाजवत, सदा बेसूर.
"पुन्हा पाठवा," जनरल म्हणायचा.
मी पाठवायचे. वीस वर्षं.
एकदा तो स्वतः गेला तिच्या दाराशी.
परत आला तेव्हा हॅटच्या काठातून पावसाचं पाणी गळत होतं,
आणि येताच विचारलं, पत्र्याचा भाव काय चाललाय.

अडतीस साली गेला.
तोफगाड्यावर पेटी, उशीवर तलवार,
कारखाना अर्धा दिवस बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर
मिसेस क्विल्टी. पहिल्यांदाच.
"जर्दाळूचा एक."
म्हटलं, असू द्या.
तिनं ऐकलं नाही, तांब्याची नाणी एकेक मांडली, आठ पेन्स.
"पावती?"
मी लिहून दिली.
मग तिनं डबा फिरवला,
अंगठ्याच्या नखानं त्याची पदकं खरवडली.
पण चेहरा तसाच ठेवला.
डबा टोपलीत, वर कांदे.

संध्याकाळी रोजकीर्द मिळवली.
आठ पेन्स जमा.
साखरेच्या रकान्यात त्या दिवशी
मी काही लिहिलं नाही.